साक्षीदाराची खुर्ची

१

दर गुरुवारचा माझा कार्यक्रम ठरलेला. सकाळी सातच्या गाडीनं बेळगाव सोडायचं, निपाणीच्या स्टँडवर दोन इडल्या खायच्या, आणि तिथून वडापच्या जीपनं कोगनोळी नाक्याच्या अलीकडच्या एका गावात साडेदहापर्यंत पोचायचं. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या कामात गुप्तता पाळायची असते, आणि बाकीचे नियम मोडून झाल्यावर एक तरी पाळावा म्हणते. माणसांची नावंही बदलली आहेत, एक सोडून. माझंसुद्धा. इथं मी माधवी. ते एक नाव बदलण्यात अर्थ नाही, कारण ते मुळात मीच बनवलेलं होतं.

बेळगावच्या कॅम्पातल्या एका संस्थेत मानसिक आजारांवर संशोधन चालतं, तिथं मी नोकरीला. डॉक्टर नागेंद्र हे मुख्य संशोधक, आणि गावोगावी फिरून पेशंटांशी बोलायचं काम माझं. ज्यांना इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात आणि जी माणसं गोळ्यांवर बरीच वर्षं स्थिर आहेत, अशांचा तो अभ्यास होता. दर सहा आठवड्यांनी प्रत्येकाला तेच तीस प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना शून्य ते सहा असे गुण द्यायचे. अकरावा प्रश्न असा: इतर कुणाला दिसत नाही असं काही तुम्हाला दिसतं का? हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय की वेणी घालता घालतासुद्धा विचारू शकेन.

पंचायतीच्या मागची एक खोली आम्हाला दिली होती. पूर्वी तिथं खताची पोती असायची. एक टेबल, दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या, आणि समोरच्या वखारीतून येणारी तंबाखूची धूळ, तिनं पहिली दहा मिनिटं शिंकण्यात जायची. गावची आशा कार्यकर्ती बेबी किटलीतून चहा आणायची. दोन कप. एक मला, एक समोरच्या पेशंटला. तिला स्वतःला चहानं पित्त व्हायचं.

त्या गुरुवारी तिनं तीन कप भरले. आणखी एक खुर्ची कुठून तरी आणून दाराजवळ उघडून ठेवली होती, तिसरा कप तिनं त्या खुर्चीवर ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"साक्षीदार अण्णांचा की," बेबी म्हणाली. "आज उशीर झाला वाटतं त्यास्नी."

मी हसले. पण आमच्याकडं साक्षीदार कुणी नव्हताच. कधीच नव्हता.

२

हे नीट सांगायला हवं.

कुणालाही अभ्यासात घेण्याआधी त्याची संमती घ्यावी लागते. अभ्यास कशाचा, त्यात धोका काय, नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, हे सगळं चार पानांवर छापलेलं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं आणि अंगठा घ्यायचा. हे चालू असताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एक त्रयस्थ माणूस तिथं बसलेला पाहिजे. तो संस्थेचा नको, पेशंटच्या घरचा नको. शेवटी त्यानं सही करायची, की हो, माझ्यादेखत या बाईला सगळं सांगितलं आणि तिला ते कळलं.

आता आमची सीमाभागातली गंमत. चार पानं कन्नडमध्ये होती. मराठी पानं मंजुरीसाठी वर गेली ती वरच राहिली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तोंडी मराठीत सांगा, साक्षीदार दोन्ही भाषा जाणणारा घ्या, झालं." आमच्याकडं दोन्ही भाषा बोलणारा निम्मा गाव असतो. पण कन्नड वाचता येणारा, दिवसा रिकामा, आणि बायकांच्या डोक्याच्या दुखण्याबद्दल तासभर तोंड मिटून ऐकणारा माणूस, तोही तंबाखूच्या काढणीत? पहिल्या दोघींसाठी शाळेचे गुरुजी आले, पण दोन्ही वेळा सही न करताच अर्ध्यातून उठले. तिसरीच्या वेळी त्यांनी हात जोडले. शिवाय गावातला माणूस समोर बसला की बायकांचं तोंडच उघडत नसे. मीच मनाशी म्हटलं, साक्षीदार नसलेलाच बरा, त्यांनाही मोकळं वाटतं. माणूस स्वतःला किती गोड शब्दांत फसवतो बघा.

एकवीस कागदांवर साक्षीदाराची जागा मोकळी राहिली. एका रविवारी दुपारी खासबागेतल्या माझ्या घरी ते कागद मी जेवणाच्या टेबलावर पसरले. नाव सुचलं ते असं: रवळू भावकू मुचंडीकर. वय अठ्ठावन्न. धंदा शेती. फोन नंबर मनाला येईल तो. हे नाव आमच्या बेळगाव-खानापूरकडचं, निपाणीकडं कुणी रवळू सहसा भेटायचा नाही, एवढीही अक्कल मला त्या वेळी चालवावीशी वाटली नाही. अक्षर वेगळं दिसावं म्हणून सही डाव्या हातानं केली. माझ्या डाव्या तर्जनीवर लहानपणी विळीनं कापल्याची पांढरी रेघ आहे. पेन धरताना ती ताणली जायची.

शेजारी यंत्रमागांची खटखट चालू होती. पहिल्या चार-पाच सह्या वेड्यावाकड्या आल्या. मग मागाच्या ठेक्यावर हात बसला. शेवटच्या सह्या तर माझ्या खऱ्या सहीपेक्षा देखण्या आल्या, आणि मला, सांगायलाही लाज वाटते, त्यांचं कौतुक वाटलं.

३

एकविसावी गुणाबाई.

साठीची बाई, जन्मभर वखारीत तंबाखू निवडलेली. तिला सहा वर्षांपूर्वीपर्यंत एका बाईचा आवाज ऐकू यायचा. तो आवाज तिला कामं सांगायचा. हे उचल, तिकडं जा, आता हात घाल. निपाणीच्या एका डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या आणि आवाज थांबला. सहा वर्षं ती नीट जेवत होती, झोपत होती, नातवंडांच्या वेण्या घालत होती.

आमचा अभ्यास असा होता, की अशा माणसांच्या गोळ्या थांबवायच्या. मग निम्म्यांना नवं औषध द्यायचं आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या, ज्यात काहीच नसतं. कुणाला काय मिळतं हे मलाही ठाऊक नसतं. चार पानांमधल्या तिसऱ्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे. 'आवाज परत येऊ शकतात' हेही लिहिलेलं आहे. कन्नडमध्ये.

मी ते पान न वाचताच उलटलं. गावातून एकवीस जण हवे होते, वीस झाले होते, आणि पोकळ गोळी म्हटलं की बायका उठून जात होत्या.

गुणाबाईनं विचारलं होतं. हे मी विसरू शकत नाही, की तिनं स्वतःहून विचारलं होतं. "माझ्या जुन्या गोळ्या चालूच ठिवायच्या न्हवं, बाई?"

मी म्हटलं, "नाही, आता या नव्या घ्या. वरच्या डॉक्टरांच्या आहेत. त्या जुन्या ठेवून द्या."

"ठिवून देतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात. मग तिनं अंगठा पुढं केला. मोठा, तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा. मी तो शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. रेघा इतक्या स्वच्छ उमटल्या की एक-एक मोजता आली असती.

खोलीत आम्ही दोघीच होतो.

४

तर तिसरा कप आला त्या गुरुवारी गुणाबाईची पाळी होती. ती आली नाही. तिचा मुलगा भरमू आला. हायवेवरच्या एका गॅरेजात तो काम करतो. तो बसला नाही.

"आईनं तव्यावर हात ठेवला, मॅडम," तो म्हणाला. "उजवा. चुलीवरच्या तव्यावर. मी वढून काढला तवर सगळं भाजलं हुतं. म्हणती, ती म्हणाली ठेव म्हणून ठेवला."

ती कोण, असं मी विचारलं नाही.

"निपाणीच्या डॉक्टरास्नी दाखवलं. ते म्हणाले, हिच्या गोळ्या कुणी बंद केल्या? मी म्हटलं बंद कुठं, त्या मॅडमनी नव्या दिल्यात. त्यांनी ती नवी गोळी फोडून बघितली. मॅडम, त्यात औषध हाय का न्हाय?"

"मला माहीत नाही, भरमू," मी म्हटलं. हे खरं होतं, आणि खऱ्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मग आता जुन्या गोळ्या सुरू करा म्हणून आईला सांगतो, तर ती घेत न्हाय. म्हणती, बाईनं ठेवून द्यायला सांगितल्यात. बाई सांगंल तवाच घेणार. तुमी तेवढं येऊन सांगा."

घर दोनशे पावलांवर होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून सांगते."

डॉक्टर नागेंद्रांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मुलगा तक्रार करतोय का?" मी म्हटलं, "केल्यासारखीच आहे." तेव्हा ते म्हणाले, "मग चौकशी होईपर्यंत आपण काहीही बदलायचं नाही. बदललं तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होईल. संमतिपत्र व्यवस्थित आहे ना? साक्षीदाराची सही आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग भ्यायचं कारण नाही."

भरमू गेल्यावर मी दाराजवळच्या खुर्चीकडं पाहिलं. कप रिकामा होता. चहा मी पाहिला होता, वाफाळता. बेबीनं परत ओतून घेतला असेल. मी तिला तसं विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर मग काय करायचं?

५

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं शिक्षणच उलट दिशेचं. प्रश्नात उत्तर असलं की माणूस तेच उत्तर देतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. बेबीनं कागदावर साक्षीदाराचं नाव वाचलं असेल, तिला वाटलं असेल असा कुणी येतो, आणि एकदा वाटलं की आठवायलाही लागतं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझंच मन मला चावत होतं, एवढंच.

म्हणून पुढच्या गुरुवारी मी पद्धतशीर तपासलं. मनुबाई नावाची दुसरी एक पेशंट होती, स्वभावानं रोखठोक. तिला मी अगदी कोरा प्रश्न विचारला. "तुम्ही पहिल्यांदा अंगठा दिलात त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं?"

"तू, मी," मनुबाई म्हणाली, "आन् दाराजवळचा तो म्हातारा."

"कसा होता?"

"कसा म्हंजे? गप बसलेला. डाव्या हातानं लिहीत हुता."

माझं पेन अकराव्या प्रश्नाच्या चौकोनावर थांबलं. इतरांना न दिसणारं काही दिसतं का? नियमानं इथं चार गुण द्यायला हवे होते. पण बेबीलाही दिसतो, आणि बेबी काही पेशंट नाही. मग 'इतर' म्हणजे कोण? बाहेर आल्यावर मी पंचायतीच्या शिपायाला, परशरामला, सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "अण्णा व्हय? भला माणूस. पण आपल्या भागातला न्हाय वाटत. नाव तिकडचं हाय."

त्याला न पाहणारी मी एकटी होते. नियम काटेकोर लावला तर ते चार गुण माझ्या नावावर जायला हवे होते.

त्या दिवशी पेशंट समोर असताना दोनदा मागं घडीच्या खुर्चीची बिजागरी कुरकुरली. जड माणूस सरकून बसावा तशी. मी मागं पाहिलं नाही. पाहिलं आणि कुणी नसलं तर ठीक होतं. मला भीती नुसतं कुणी असण्याची नव्हती, हे लिहिताना आता कळतंय. भीती अशी होती, की कुणी असलाच तर त्याला मी काय सांगितलं आणि काय नाही, सगळं माहीत असणार.

६

चौकशीसाठी बेंगळुरूहून प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्या नैतिकता समितीच्या. संशोधनात पेशंटवर अन्याय तर होत नाही ना, हे बघणं त्यांचं काम. चाळिशीच्या, सुती साडी, आवाज शांत. त्यांना मराठी येत नव्हती. कॅम्पातल्या कचेरीत त्यांनी एकवीस संमतिपत्रं एकेक करून पाहिली आणि माझ्याशी कन्नडमध्ये बोलल्या.

मी ठरवून गेले होते. त्यांनी साक्षीदाराबद्दल विचारलं की सांगून टाकायचं. नोकरी जाईल, नाव जाईल, पण अभ्यास थांबेल. एकवीस जणींना त्यांच्या जुन्या गोळ्या परत मिळतील आणि मी गुणाबाईच्या घरी जाऊन म्हणेन, घ्या. वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

"तुमच्या साक्षीदाराशी मी काल फोनवर बोलले," मॅडम म्हणाल्या.

तो नंबर मी मनाला येईल तसा लिहिलेला. भरमू येऊन गेल्यावर स्वतः लावूनही पाहिला होता. असा नंबरच अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं होतं.

"छान कन्नड बोलतात. सगळं आठवतंय त्यांना. तुम्ही प्रत्येक ओळ वाचून दाखवली, तिसरं पान तर दोनदा समजावलं, असं म्हणाले. तुमच्याबद्दल फार आदरानं बोलत होते."

 माझं तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या सगळ्यात मला सर्वात जास्त लाज कशाची वाटते असं विचाराल तर त्या सुटकेची.

"उद्या गावात गुणाबाईंचा जबाब घेऊ," मॅडम म्हणाल्या. "दुभाषी तुम्हीच व्हा. साक्षीदारांनाही बोलावलंय."

नियमानं मी दुभाषी होणं बरोबर नव्हतं. मला ते माहीत होतं. मी "हो" म्हटलं.

७

सकाळचे अकरा. खोलीत लख्ख ऊन. टेबलामागं प्रियदर्शनी मॅडम, समोर गुणाबाई, भिंतीला टेकून भरमू, कोपऱ्यात किटली घेऊन बेबी. मी टेबलाच्या बाजूला, दाराकडं पाठ करून. बेबीनं दाराजवळ ती खुर्ची ठेवलेली होती, हे मी येताना पाहिलं होतं. रिकामी होती.

गुणाबाई वाळली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, फक्त अंगठा बाहेर. मधूनच ती मान तिरकी करून काहीतरी ऐकायची आणि हळूच "गप" म्हणायची. मला पाहून ती ओळखीचं हसली. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल.

मॅडमनी अचानक मान वर केली, माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि नमस्कार केला. "बन्नी, कूत्कोळ्ळी," या, बसा, म्हणाल्या. भरमूनं वाट देण्यासाठी पाय आत घेतले. बिजागरी कुरकुरली. माझ्या मानेमागं कुणीतरी दम खात होतं, चढ चढून आल्यासारखं.

"या बाईंना विचारा," मॅडम म्हणाल्या, "संमती दिली त्या दिवशी खोलीत कोण होतं?"

मी मराठीत विचारलं.

गुणाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश सगळ्या खोलीवर नजर फिरवली. टेबल, भरमू, बेबी, माझ्या मागची जागा. त्या जागेवरून तिची नजर रिकाम्या भिंतीवरून जावी तशी गेली.

"कोण न्हवतं," ती म्हणाली. "ही आन् मी. दोघीच."

"आई, अण्णा हुते न्हवं ते," भरमू हळूच म्हणाला. त्याच्याच बाजूचा साक्षीपुरावा तो मोडत होता, बिचाऱ्याला कळतही नव्हतं. "हे काय बसलेत."

"तिथं कोण न्हाय, भरमू. मला ऐकू येतंय ते येतंय, ते मी न्हाय म्हणत न्हाय. आतासुदिक येतंय. पर दिसत मला कवाच कोण न्हाय. खुर्ची मोकळी हाय."

त्या खोलीत एकच माणूस ठीक बघत होतं, आणि त्याच माणसाच्या नावापुढं आम्ही आजार लिहिला होता.

"काय म्हणतात त्या?" मॅडमनी विचारलं.

माझ्या हातात सगळं होतं. तिनं म्हटलेलं जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगायचं, चार शब्द. मागं कुणीतरी पेनचं टोपण काढल्याचा आवाज झाला.

"त्यांना आठवत नाही," मी कन्नडमध्ये म्हटलं.

मॅडमनी मान हलवली, आजारच असा आहे, अशा अर्थानं, आणि लिहून घेतलं. मग कागद फिरवून पुढं केला. गुणाबाईचा अंगठा मी पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. नुसता काळा ठिपका उमटला. रेघा नव्हत्या. भाजलेली कातडी गुळगुळीत झाली होती, एकही रेघ शिल्लक राहिली नव्हती.

त्याखालच्या ओळीवर साक्षीदाराची सही हवी होती. माझ्या डाव्या खांद्यावरून एक हात पुढं आला. मी चेहऱ्याकडं पाहिलं नाही, फक्त हाताकडं. डावा हात, म्हाताऱ्या माणसाचा, नखात माती. सही देखणी होती. आणि पेन धरलेल्या तर्जनीवर, ताणल्यामुळं आणखी पांढरी दिसणारी, विळीनं कापल्याची रेघ होती.

८

"बाई," गुणाबाई म्हणाली. ती माझ्याकडं बघत होती, इतका वेळ बघत असावी. "तुला कोण दिसतंय व्हय तिथं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

तिनं डाव्या हातानं कमरेची पिशवी सोडली. आतून गोळ्यांची पट्टी काढली. जुन्या गोळ्या, निपाणीच्या डॉक्टरच्या, कडा घडी पडून मऊ झालेल्या.

"तू ठिवून दे म्हणालीस. ठिवल्यात. सगळ्या हाईत, एकबी घेतली न्हाय." तिनं पट्टी माझ्यापुढं धरली. "तू घे. ह्यानं जातंय ते. लई दिस लागत न्हाईत."

तेव्हा मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि मॅडमना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. साक्षीदार कुणी नव्हता. सही मी केली, एकवीस सह्या, या हातानं. तिसरं पान मी वाचलंच नाही. गुणाबाई आत्ता म्हणाल्या की खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी मोठ्यानं बोलत होते. वखारीपर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

मॅडम लिहीत होत्या. मध्येच मान वर करून माझ्या मागं बघत, "हौदु, हौदु", हो, हो, करत, पुन्हा लिहीत. माझ्या पाठीमागून कन्नडमधला एक संथ, समजूतदार आवाज त्यांना काहीतरी सांगत होता, आणि त्या तेच उतरवून घेत होत्या. भरमू मान खाली घालून तोच आवाज ऐकत होता. बेबी कप गोळा करत होती. मी टेबलावर हात आपटला. मॅडमनी कागद उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला.

मग मी तेच सगळं मराठीत सांगितलं, गुणाबाईकडं बघून. शेवटी म्हटलं, "त्या गोळ्या तुमच्या आहेत. मी बंद करायला नको होत्या. तुम्ही घ्या. आजपासून घ्या."

"ऐकलं गं मी," गुणाबाई म्हणाली. "सगळं ऐकलं. पर माझं कोण लिहून घेतंय?"

तिनं पट्टीचं एक टोक दातात धरलं, डाव्या हातानं ओढून मधोमध फाडली, आणि निम्मी माझ्या मुठीत कोंबली.

"ही तुला, ही मला. जेवून घे बरं का. उपाशीपोटी घेतलीस की गरगरतंय."